सायकल आज हवी, मग ‘हॅड’ कशाला?

दहावीच्या इंग्रजीच्या वहीत हमखास सापडणारी एक चूक आहे. ‘माझ्याकडे सायकल असती तर!’ हे वाक्य इंग्रजीत लिहायचं असतं. मुलगी लिहिते, ‘आय विश आय हॅव अ बायसिकल.’ तपासताना ‘हॅव’वर लाल रेघ पडते आणि वर ‘हॅड’ लिहिलं जातं. मुलीला पडणारा प्रश्न अगदी रास्त असतो. सायकल तिला आज हवी आहे. काल तिच्याकडे होती आणि आता मोडली, असंही काही घडलेलं नाही. मग इथे भूतकाळ आला कुठून? बहुतेक वेळा उत्तर मिळतं ते असं : ‘विश’च्या पुढे भूतकाळ येतो, नियम आहे, पाठ कर.

नियम बरोबर आहे, पण मुलीने विचारलं होतं ‘का’, आणि त्याचं उत्तर त्यात नाही.

जव्हार आणि मोखाड्यातल्या मुलांसाठी हे ‘का’ अधिक मोलाचं आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत हे दोन्ही डोंगरी तालुके ठाणे जिल्ह्यात होते. इथल्या पाड्यांवर घरात वारली, कोकणा, ठाकरी, कातकरी अशा बोली चालतात. शाळेत गेल्यावर पुस्तकातली मराठी भेटते, आणि महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी सुरू होत असल्यामुळे तीही लगेच सोबत येते. म्हणजे इथल्या अनेक मुलांसाठी इंग्रजी ही दुसरी नव्हे, तिसरी भाषा असते. तिसऱ्या भाषेचे नियम नुसते पाठ करून टिकत नाहीत. त्यामागचं कारण कळलं तर टिकतात, आणि या बाबतीत ते कारण मुलांच्या स्वतःच्या बोलण्यातच सापडतं.

‘आलो, आलो!’

तहसील कचेरीच्या खिडकीशी उभा राहून एखादा बाप म्हणतो, ‘साहेब, मुलीचा जातीचा दाखला काढायचा होता.’ दाखला आत्ताच काढायचा आहे, तरी तो ‘होता’ म्हणतो. ‘काढायचा आहे’ म्हटलं की मागणी थेट समोर उभी राहते. ‘होता’ म्हटल्यावर ती थोडी मागे सरकते आणि समोरच्याला ‘उद्या या’ म्हणायला जागा मिळते. आईने हाक मारली की पोरगा जागचा न हलता ओरडतो, ‘आलो, आलो!’ फाट्यावर ताटकळलेल्या माणसांना दूरच्या वळणावर लाल गाडी दिसली की कुणीतरी पिशवी उचलत म्हणतं, ‘आली एसटी.’ गाडी अजून यायची असते.

क्रियापदाचं भूतकाळी रूप आणि खरोखर होऊन गेलेली वेळ, ही जोडी मराठीतही कायमची बांधलेली नाही. ते रूप कधी आदबीसाठी येतं, तर कधी खात्री देण्यासाठी. इंग्रजीतही तसंच आहे. दुकानात गेलेला माणूस ‘आय वॉन्टेड टु आस्क’ म्हणतो तेव्हा त्याला आत्ताच विचारायचं असतं. ‘कॅन यू’पेक्षा ‘कुड यू’ सौम्य वाटतं तेही याच कारणाने, कारण ‘कुड’ हे ‘कॅन’चं भूतकाळी रूप आहे.

डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी इंग्रजीतल्या अशा रूपांना कल्पनेतला भूतकाळ म्हटलं होतं. पुढे २००० साली सबीन इयाट्रिडू या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी एका निबंधात ही गोष्ट अनेक भाषांच्या संदर्भात मांडली. त्यांचं म्हणणं असं की भूतकाळी रूप मुळात ‘हे इथलं-आत्ताचं नव्हे’ एवढंच सांगतं. साध्या वाक्यात त्याचा अर्थ ‘आत्ताच्या वेळेतलं नव्हे’ असा होतो, म्हणजे कालचं. इच्छेच्या वाक्यात त्याचा अर्थ ‘आत्ताच्या वास्तवातलं नव्हे’ असा होतो, म्हणजे नसलेलं. ‘आय विश आय हॅड अ बायसिकल’मधला ‘हॅड’ हा दुसऱ्या प्रकारचा आहे. सायकल कधीची, हे तो सांगत नाही. सायकल नाही, हे सांगतो.

एक पायरी खाली

पायऱ्यांची विहीर डोळ्यांसमोर आणली तर पुढची सगळी रचना लक्षात राहते. खरी, घडणारी गोष्ट वरच्या पायरीवर असते. तीच गोष्ट ‘नाही, पण असती तर’ म्हणून सांगायची झाली की इंग्रजी क्रियापद एक पायरी खाली उतरतं. वर्तमानातली गोष्ट असेल तर उतरून साध्या भूतकाळावर येतं. गोष्ट मुळातच कालची असेल, तर तिच्या खाली आणखी एक पायरी आहे : ‘हॅड’ आणि त्याच्या जोडीला क्रियापदाचं तिसरं रूप.

मोखाड्यातल्या उन्हाळ्याचीच उदाहरणं घेता येतील. पावसाळ्यात धो धो कोसळणाऱ्या या तालुक्यात एप्रिल-मे उजाडला की कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. याच तालुक्यातल्या कोचाळे गावाजवळच्या मध्य वैतरणा धरणातून मुंबईला पाणी जातं. हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईची वस्तुस्थिती इंग्रजीत अशी होईल : ‘वुई डोन्ट हॅव अ टॅप.’ आणि तिची इच्छा : ‘आय विश वुई हॅड अ टॅप.’ आता कालची गोष्ट. ‘द टँकर डिडन्ट कम येस्टरडे,’ ही हकिकत. ‘आय विश द टँकर हॅड कम येस्टरडे,’ ही हळहळ.

या दोन जोड्यांत पायरीबरोबर आणखी एक गोष्ट बदलली आहे. हकिकत नकारार्थी आहे आणि इच्छा होकारार्थी. उलटंही होतं : शाळा लांब आहे, म्हणून ‘आय विश द स्कूल वॉजन्ट सो फार.’ विद्यार्थ्याने आधी वस्तुस्थितीचं साधं वाक्य लिहावं, मग होकार-नकार उलटा करावा आणि क्रियापद एक पायरी खाली न्यावं. एवढ्या तीन हालचालींत वाक्य तयार होतं. सूत्रांच्या लांबलचक तक्त्यांपेक्षा ही पद्धत कितीतरी सोपी आहे, आणि तक्ते नंतर दिले तरी चालतात.

मराठीचा ‘असती’ वेगळं काय करतो

मराठी बोलणारं मूल अडखळतं ते त्याला कल्पना करता येत नाही म्हणून नव्हे. मराठीने हेच काम वेगळ्या सामानातून केलं आहे, आणि तो फरक कुणी उलगडून दाखवलेला नसतो.

‘श्रावणात दाभोशाचा धबधबा भरलेला असतो.’ ही नेहमीची, खरी गोष्ट. ‘आज धबधबा भरलेला असता तर बघायला गेलो असतो.’ ही नसलेली गोष्ट. फरक फक्त शेवटच्या स्वराचा आहे : ‘असतो’चा ‘असता’ झाला. स्त्रीलिंगात ‘सायकल असते’ आणि ‘सायकल असती तर’. नपुंसकलिंगात तर बोलताना फरकच उरत नाही. ‘माळावर धुकं असतं’ हेही खरं आणि ‘आज धुकं असतं तर’ हेही चालतं. इंग्रजीने नसलेल्या गोष्टीसाठी भूतकाळाचं रूप उसनं घेतलं, तर मराठीने नेहमी घडणाऱ्या गोष्टीच्या रूपात किंचित बदल करून ते वापरलं. मराठी व्याकरणात याला संकेतार्थ म्हणतात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६चं आणि मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११चं. तेव्हापासून आजच्या शालेय पुस्तकांपर्यंत स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ ही क्रियापदाच्या अर्थांची नावं मुलं पाठ करत आली आहेत. इंग्रजीच्या तासाला मात्र ‘विश’ शिकवताना संकेतार्थाची आठवण क्वचितच काढली जाते. दोन विषयांच्या दोन वह्या, म्हणून दोन वेगळी जगं, असं होऊन बसलं आहे.

खरी अडचण याच्या पुढची आहे. ‘आज सायकल असती तर वेळेवर पोचलो असतो.’ ‘काल सायकल असती तर वेळेवर पोचलो असतो.’ या दोन वाक्यांत ‘आज’ आणि ‘काल’ एवढाच फरक आहे, क्रियापदं तीच आहेत. ‘ही गोष्ट खरी नाही’ एवढं सांगून मराठी मोकळी होते आणि वेळ सांगायचं काम ‘आज’, ‘काल’वर सोपवते. इंग्रजीला ही सवलत नाही, कारण तिने नसलेपण दाखवायला काळाचंच रूप खर्ची घातलं आहे. म्हणून काल सांगायचा तर तिला आणखी खाली उतरावं लागतं. आजचं वाक्य, ‘इफ आय हॅड अ बायसिकल, आय वुड रीच ऑन टाइम.’ कालचं, ‘इफ आय हॅड हॅड अ बायसिकल, आय वुड हॅव रीच्ड ऑन टाइम.’

तो ‘हॅड हॅड’ बघून मुलांना छपाईची चूक वाटते. तसं नाही. पहिला ‘हॅड’ खालची पायरी दाखवतो आणि दुसरा ‘हॅड’ म्हणजे सायकल जवळ असणं. मराठीतल्या एका ‘असती’ला इंग्रजीत दोन वेगळी घरं आहेत, हे एकदा स्पष्ट सांगितलं की पुष्कळ चुका आपोआप गळतात.

चौकट : कोणतं रूप केव्हा

घडू शकतं, अजून ठरलेलं नाही : ‘होप’ आणि पुढे साधा वर्तमानकाळ. ‘आय होप इट रेन्स टुमॉरो.’

आत्ता नाही, असायला हवं होतं : ‘विश’ आणि पुढे साधा भूतकाळ. ‘आय विश वुई लिव्ह्ड नियर द स्कूल.’

काल घडलं नाही, किंवा घडू नये ते घडलं : ‘विश’, मग ‘हॅड’ आणि तिसरं रूप. ‘आय विश आय हॅड लिसन्ड टु हर.’

दुसऱ्याने काही करावं किंवा करणं थांबवावं : ‘विश’, मग ‘वुड’ आणि मूळ रूप. ‘आय विश दे वुड रिपेअर द रोड.’

पाऊस यावा

जूनचा पहिला आठवडा. राब भाजून झालेला, नागली-वरईचं बी तयार, आभाळाकडे डोळे. शेतकरी म्हणतो, ‘पाऊस यावा.’ हा विध्यर्थ. पाऊस येऊ शकतो, म्हणून इंग्रजीत इथे ‘होप’ लागतो : ‘आय होप इट रेन्स.’ मराठीतला ‘यावा’ फार ऐसपैस आहे. शक्य असलेल्या इच्छेलाही तो चालतो आणि अशक्य वाटणाऱ्या इच्छेलाही. शब्दकोशात ‘विश’समोर ‘इच्छा करणे’ लिहिलेलं असतं, त्यामुळे ‘यावा’ दिसला की मुलं ‘विश’ उचलतात आणि ‘आय विश इट विल रेन’ असं वाक्य जन्माला येतं. इंग्रजी कानाला ते खटकतं, कारण ‘विश’ ऐकताच नसलेल्या गोष्टीची अपेक्षा होते आणि ‘विल’ तर गोष्ट येणार म्हणून सांगतो.

सणाच्या शुभेच्छांतला ‘विश’ निराळा. ‘आय विश यू अ हॅपी दिवाली’ यात ‘विश’नंतर पूर्ण वाक्य नाही, नुसती वस्तू आहे, जशी ‘आय गिव्ह यू अ बुक’मध्ये असते. तिथे पायरी उतरायचा प्रश्नच येत नाही.

‘वुड’चं प्रकरण थोडं नाजूक आहे. ‘आय विश द बस वुड कम’ म्हणणारा माणूस नुसती इच्छा सांगत नसतो, तो कंटाळलेला असतो. ‘वुड’मध्ये दुसऱ्याच्या तयारीचा अर्थ आहे : तो करू शकतो, पण करत नाही. म्हणून तक्रारीचा सूर येतो. विद्यार्थ्याने शिक्षकांना ‘आय विश यू वुड एक्सप्लेन अगेन’ म्हटलं तर व्याकरण बिनचूक असूनही ते उद्धट वाटू शकतं. तिथे ‘कुड यू एक्सप्लेन अगेन’ हेच बरं. स्वतःबद्दल बोलताना ‘आय विश आय वुड’ सहसा कुणी म्हणत नाही. स्वतःच्या तयारीची वाट स्वतःच काय पाहायची? तिथे ‘कुड’ येतो : ‘आय विश आय कुड स्विम.’

‘आय’बरोबर ‘वेअर’

‘आय विश आय वेअर अ बर्ड’ हे उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं जातं आणि ‘वेअर’ हे अनेकवचन इथे कसं, असा प्रश्न निघतो. ते अनेकवचन नाहीच. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत कल्पनेतल्या गोष्टींसाठी क्रियापदांची वेगळी रूपं होती. शतकांच्या ओघात त्यांचे प्रत्यय झिजले आणि बाकीच्या क्रियापदांत ती रूपं साध्या भूतकाळात मिसळून गेली. एकट्या ‘बी’ने आपलं जुनं रूप टिकवलं, तेच हे ‘वेअर’. आज बोलताना ‘आय विश आय वॉज’ सर्रास ऐकू येतं आणि ते समजण्यात काही अडत नाही, पण परीक्षेत आणि औपचारिक लेखनात ‘वेअर’ लिहिणं सुरक्षित.

राहून गेलं

पश्चात्तापासाठी इंग्रजीत आणखी दोन साधनं आहेत. एक ‘इफ ओन्ली’. अर्थ ‘विश’चाच, पण आवाज चढलेला. १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या पदकविजेत्यांच्या चेहऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांना असं दिसलं की कांस्यपदक मिळवणारे रौप्यपदकवाल्यांपेक्षा अधिक आनंदी दिसत होते. रौप्यवाल्याच्या मनात सोनं थोडक्यात हुकल्याचा ‘इफ ओन्ली’ होता. कांस्यवाल्याच्या मनात ‘निदान पदक तरी मिळालं’ असा दिलासा होता. व्याकरणातलं हे रूप माणसाच्या मनाच्या किती जवळ आहे, ते अशा वेळी कळतं.

दुसरं साधन ‘शुड हॅव’. ‘मी जायला हवं होतं’ म्हणजे ‘आय शुड हॅव गॉन.’ रूपांची जुळणी इतकी चांगली बसते की मराठी मुलांना हे लवकर येतं. पण त्याचा अर्थ तोलून घ्यायला हवा. ‘शुड हॅव’मध्ये दोष आहे : करणं माझ्या हातात होतं आणि मी केलं नाही.

जव्हार-मोखाड्यातून दिवाळीनंतर कित्येक कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात. आईबापांबरोबर मुलंही जातात आणि शाळेचे महिने बुडतात. असं बालपण गेलेला माणूस मोठेपणी म्हणतो, ‘शिकायचं राहून गेलं.’ या वाक्यात कर्ता नाही. कुणी राहू दिलं, कुणामुळे राहिलं, काहीच सांगितलेलं नाही. त्याचं ‘आय शुड हॅव स्टडीड’ असं भाषांतर केलं तर वाक्य शुद्ध होईल, पण अन्याय होईल, कारण त्या माणसावर तो आळशी असल्याचा ठपका येईल. ‘आय नेव्हर गॉट टु स्टडी’ हे मुळाच्या जवळ जातं : संधीच मिळाली नाही. खंत अधिक स्पष्ट करायची असेल तर ‘आय विश आय हॅड बीन एबल टु स्टडी.’ इथे ‘एबल’ हा शब्द दोष काढून घेतो. मुलाखतीत ‘शाळा मध्येच का सुटली?’ या प्रश्नाला उत्तर देताना हा फरक मोठा आहे, आणि तो शिकवला गेलाच पाहिजे.

ज्या भाषेत रूप नाही, तिथे विचार असतो का?

१९८१ साली आल्फ्रेड ब्लूम या अमेरिकन अभ्यासकाने खळबळजनक दावा केला. चिनी भाषेत इंग्रजीसारखं ‘असतं तर’चं खास रूप नाही, म्हणून चिनी भाषकांना न घडलेल्या गोष्टींचा विचार करणं जड जातं, असं त्याने लिहिलं. त्यासाठी त्याने चिनी वाचकांना गोष्टी वाचायला देऊन प्रश्न विचारले होते. दोनच वर्षांनी टेरी ऑ या संशोधिकेने ते प्रयोग पुन्हा केले, पण या वेळी गोष्टी सहज, बोलत्या चिनीत लिहिलेल्या होत्या. वाचकांना काहीच अडचण आली नाही. अडथळा ओबडधोबड भाषांतराचा होता.

ही हकिकत जव्हारच्या वर्गालाही लागू पडते. वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलांबद्दल ‘त्यांना व्याकरण जमत नाही’ असं घाईने बोललं जातं, ते चूक आहे. इच्छा आणि खंत या बोलींतही सांगता येते. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, १९०५ साली, मराठीच्या जोडीने वारली, काथोडी (म्हणजे कातकरी), ठाकरी या बोलींचीही नोंद झाली. या सर्वेक्षणात बहुतेक बोलींच्या नमुन्यासाठी एकच गोष्ट सांगायला लावली जाई : बायबलमधल्या उधळ्या मुलाची. वाटणी घेऊन घर सोडणारा, सगळं उधळून उपाशी पडणारा आणि पस्तावून बापाकडे परतणारा मुलगा. सगळी गोष्ट इच्छेची आणि पश्चात्तापाची. बोलीचा नमुना पाहायला याहून बोलकी गोष्ट मिळणं कठीण.

वर्गात करण्यासारखी एक सोपी गोष्ट आहे. बर्फ, समुद्रसफर आणि राजवाड्यांची उदाहरणं बाजूला ठेवून मुलांना आपापल्या घरच्या बोलीत एक खंत आणि एक इच्छा सांगू द्यावी. मग ती पुस्तकी मराठीत आणावी, ‘हे आजचं की कालचं?’ आणि ‘हे होऊ शकतं का?’ असे दोन प्रश्न विचारावेत आणि शेवटी इंग्रजीकडे जावं. बोहाड्याच्या उत्सवाला घरी जाता आलं नाही, रात्री अभ्यासाच्या वेळी वीज गेली, बहिणीचं लग्न लवकर झालं. आश्रमशाळेतल्या मुलांकडे अशी वाक्यं मुबलक आहेत.

पत्रातला ‘रिग्रेट’

शेवटी एका शब्दाची काळजी घ्यावी लागते. ‘रिग्रेट’च्या पुढे काय येतं त्यावर अर्थ फिरतो. ‘वुई रिग्रेट टु इन्फॉर्म यू’ अशी सुरुवात असलेलं पत्र नोकरीच्या अर्जाला उत्तर म्हणून आलं, तर पुढचं वाक्य बहुधा नकाराचंच असतं. इथे ‘टु’ आहे, आणि खेद आत्ता सांगितल्या जाणाऱ्या बातमीबद्दलचा आहे. झालेल्या गोष्टीचा पश्चात्ताप असेल तर ‘इंग’चं रूप लागतं : ‘आय रिग्रेट लीव्हिंग स्कूल.’ त्याऐवजी ‘आय रिग्रेट टु लीव्ह स्कूल’ लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटेल की ही मुलगी आत्ताच शाळा सोडते आहे.